कोटातली उशी

१

मामीचा फोन आला तेव्हा मी एका जळालेल्या गोदामात नाकाला रुमाल लावून उभी होते. मी विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करते. आग लागली असं लोक सांगतात. ती लागली की लावली, ते मी बघते. त्यामुळे आजोळी माझं नाव ‘पंचनामा’ पडलं आहे आणि माझ्यासमोर कुणी सहज म्हणूनसुद्धा काही बोलत नाही.

“कोट गेला,” मामी म्हणाली. “कपाटाला कुलूप तसंच, काच शाबूत, आणि आत पुतळा उघडाबंब उभा.”

“कधी?”

“काल संध्याकाळी होता. आज मास्तरांनी दुकान उघडलं तर नाही. परवा कॅप्टनसाहेब यायचेत. तू निघ बाई. पोलिसात गेलो तर नुसता बोभाटा होईल.”

कोट म्हणजे पणजोबांचा लष्करी कोट. पणजोबा शिंपी; दुकान त्यांचंच, आता मामा आणि कामाला असलेले मास्तर चालवतात. युद्ध सुरू झालं तेव्हा सुई ठेवून बंदूक घ्यायला गेले ते परत आले नाहीत. बेपत्ता, एवढंच कळलं. युद्ध संपून बरीच वर्षं झाल्यावर एक पार्सल आलं. त्यात हा कोट होता, नीट घडी घातलेला, आणि सोबत चिठ्ठीचपाटी काही नाही. घरच्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. कोट दुकानातल्या लाकडी पुतळ्यावर चढला, पुतळा काचेच्या कपाटात गेला, आणि तेव्हापासून माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक हात वर करून त्याच्याकडे बघत उभं राहतं.

आता गावच्या बागेत एक दगड उभा राहणार होता, युद्धात पडलेल्यांच्या नावांचा. मामी त्या समितीवर होती. पणजोबांचं नाव घालायचं तर पुरावा हवा, आणि कोटाशिवाय पुरावा नव्हता. कॉलरखालचा नंबर अर्धा पुसलेला, म्हणून समितीतले निवृत्त कॅप्टनसाहेब शनिवारी सकाळी येऊन भरतीच्या वेळची मापं कोटाला टेप लावून ताडून बघणार होते. जमलं तर नाव दगडावर. नाही जमलं तर विषय संपला.

“आत्यांचं वय बघ,” मामी म्हणाली. “बापाच्या नावावरून एकदा हात फिरवला की बाई सुखानं डोळे मिटेल.”

या आत्या म्हणजे माझी आजी, पणजोबांची मुलगी. आजोबा गेल्यापासून ती दुकानावरच्या खोल्यांत, भावाच्या मुलाकडे, म्हणजे या मामाकडे राहते. तिच्यासाठी मी गोदाम अर्धवट सोडलं आणि शुक्रवारी दुपारी दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले. बॅग अजून हातातच होती. मामी धावत बाहेर आली, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

“अगं, कोट परत आला.”

२

चोरी आपणहून परत येते हे माझ्या धंद्यात बसत नाही. गेलेला माल परत आला तर त्यातून काहीतरी काढून घेतलेलं असतं. मी चपलासुद्धा न काढता कपाटापाशी गेले.

कोट पुतळ्यावर होता. सकाळी मास्तरांनी दुकान उघडलं तेव्हा होताच, म्हणे. मी कॉलर बघितली. लहानपणी कपाट पुसायला उघडलं की कॉलरवरच्या कसरीच्या भोकात मी बोट घालत असे. ते भोक नव्हतं. त्या जागी इतकं सुबक रफू होतं की मला आधी जागाच सापडेना. वरून दुसरं बटण माझ्या आठवणीत कायम एका धाग्यावर लोंबत असायचं. ते आता घट्ट होतं.

“चोर मोठा सज्जन दिसतो,” मी म्हणाले. “नेला, रफू केला, बटण लावलं, आणून ठेवला.”

“तुला काय करायचंय? मिळाला ना?” मामी म्हणाली.

मामा काउंटरमागे बसून कुणाच्या तरी जाकिटाचं काज करत होता. त्यानं वर बघितलं नाही. “सोड ना गं,” तो म्हणाला. “डोळ्यांच्या ऑपरेशनपासून मला धड दिसत नाही, नाहीतर मीच केलं असतं रफू कधीच. केलं कुणीतरी, बरंच झालं.” असं म्हणता म्हणता त्यानं सुईत दोरा ओवला.

तेवढ्यात माझा पाय मऊ कशाला तरी लागला. कपाटाच्या खालच्या फळीवरून उशी बाहेर घसरली होती.

ही उशी आमच्या घरातला जुना विनोद आहे. कोट पुतळ्यावर ढगळ व्हायचा, म्हणून त्याच्या पोटाशी कापसाची उशी बांधलेली असायची. फोटोत पणजोबा हडकुळे, मान हँगरसारखी, आणि कपाटात मात्र चांगले ढेरपोटे. आम्ही मुलं विचारायचो तेव्हा आजी सांगायची, लष्करातले कोट ढगळच असतात. दर वर्षी कोट बाहेर काढून झटकायचा, उशी उन्हात घालायची, पुन्हा बांधायची.

मी कोटाची बटणं सोडून उशी आत घालायला गेले. ती जाईना. मी दाबली, वळवली, पुन्हा दाबली. कोट पुतळ्याला चापूनचोपून बसला होता.

“मामी,” मी म्हणाले, “हा आपला कोट नाही.”

३

कोट बदलला म्हटल्यावर सगळ्यांची नजर माझ्या मामेभावाकडे गेली. हा दादा जुन्या वस्तू विकतो. कंदील, घड्याळं, कुणाच्या तरी पणजीचा आरसा. त्याच्या दुकानात उभं राहिलं की आपणही विकले जाऊ असं वाटतं. मी गेले तेव्हा तो एका फुटक्या दुर्बिणीला तेल लावत होता.

“आलीस? म्हटलं अजून पंचनामा कसा आला नाही.”

“कोट कुणी मागितला होता का तुझ्याकडे?”

“मागितला होता. एक गृहस्थ लष्करी कपडे जमवतो. मी त्याला फोटो पाठवला, एवढंच. आजी जिवंत असताना तो कोट विकायला मी काय वेडा आहे? ती मला विकेल.”

मला त्याचं बोलणं पटलं नसतं, पण बोलताना त्यानं हात वर केला आणि मला त्याच्या शर्टाची बाही दिसली. तिथे बटणाच्या जागी स्टेपलरची पिन होती. शिंप्याच्या घरात जन्मून ज्याला बटण लावता येत नाही, त्यानं ते रफू केलेलं नव्हतं.

परत येऊन मी कोट काढून टेबलावर पालथा घातला. कॉलरखाली तोच अर्धा पुसलेला नंबर, खिशाच्या तोंडाशी तोच शाईचा डाग. म्हणजे मी चुकले होते. कोट आमचाच होता, फक्त कुणीतरी तो आत घेतला होता.

का, ते कळायला अक्कल लागत नव्हती. “भरतीची मापं घरात कुणाकुणाला माहीत होती?” मी मामीला विचारलं.

“सगळ्यांना. बुधवारी चहाच्या वेळी मीच वाचून दाखवली. म्हटलं बघा, छाती किती कमी आहे. मास्तरही होते.”

“आणि तुझ्या लक्षात आलं, की कोट या मापाला बसत नाही.”

मामी माझ्याकडे बघत राहिली. “माझ्या? मला टेपवरचे आकडे कुठून सुरू होतात ते अजून कळत नाही. आणि बाई गं, मला खोटं नाव दगडावर घालायचं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?”

हे मात्र खरं होतं. ज्यानं आग लावली तो विमावाल्याला सगळ्यात आधी फोन करतो, असंही मी पाहिलेलं आहे. पण मामी तितकी खोल नाही. ती जे मनात तेच तोंडात घेऊन हिंडते.

जिन्याखाली आजी तिच्या रुंद खुर्चीत बसली होती. आजी अंगानं चांगली भरलेली आहे, खुर्चीतून उठवायला दोघं लागतात. बोटं संधिवातानं वाकडी झालेली, कप धरायचा तरी दोन्ही हातांनी धरते. मी वाकून तिच्या गालाला गाल लावला. मला वाटलं ती कोटाचं विचारेल.

“उशी कुठे आहे?” आजी म्हणाली.

“कपाटात, खाली.”

“जमिनीवर नको ठेवू,” एवढं म्हणून तिनं डोळे मिटले.

राहिले मास्तर. मास्तर आमच्याकडे कापड बेतायला आहेत आणि त्यांच्या हातचं रफू भिंगातून बघितलं तरी दिसत नाही. कपाटाची किल्ली त्यांच्याच कात्रीशेजारी खिळ्याला असते. मी कोट त्यांच्यापुढे ठेवला.

“मास्तर, हे तुमचं काम?”

त्यांनी रफूवरून अंगठा फिरवला आणि नाइलाजानं मान हलवली. “काम चांगलं आहे. माझं नाही.” मग त्यांनी कोटाची बाजूची शिवण चिमटीत धरली आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. “ही बघा, ताई. केवढी जाड. आतली जुनी शिवण न उसवता वरून नवीन मारली आहे. ज्याला एवढं रफू येतं त्यानं ही घाण करावी? मी केली असती तर मीच मला कामावरून काढलं असतं.”

तो प्रश्न मलाही पडला होता. एवढा तयार हात, आणि शिवण नवशिक्याची. घाई म्हणावी तर रफूला वेळ होता, मग शिवण उसवायला का नव्हता?

“अस्तर सोडा,” मी म्हणाले.

मास्तरांनी ब्लेडनं अस्तराची कड सोडली आणि कोट आतून उघडा केला. आम्ही दोघंही वाकलो, आणि मला जे दिसलं ते बघून मी मामाला हाक मारणार होते ती मारली नाही.

४

आमच्या दुकानात एक जुनी पद्धत आहे. अंगाला लागेल तेवढं ठेवून उरलेलं कापड कापायचं नाही, शिवणीच्या आत माया म्हणून दुमडून ठेवायचं. गिऱ्हाईक सुटलं की शिवण सैल करायची. आणि प्रत्येक वेळी माप बदललं की आधीच्या मापाच्या रेषेवर लाल दोऱ्याची एक छोटी फुली मारायची, म्हणजे पुढच्याला कळतं कपडा कुठून कुठे आला. ही फुली फक्त घरची माणसं मारतात. आम्हाला ती पाठ होती, कारण आमचे फ्रॉक असेच वाढत. आई फ्रॉक उलटा करून फुल्या दाखवायची आणि म्हणायची, बघ, एवढीशी होतीस.

कोटाच्या आत फुल्या होत्या. सगळ्यात आतल्या रेषेवर एक, विटून तपकिरी झालेली. तिच्या बाहेर दुसरी, आणि आणखी बाहेर तिसरी. त्याच्याही पलीकडे, मायेच्या अगदी काठाशी, एक जुनी हाती शिवण होती, टाके लांब-आखूड आणि एका बाजूला कललेले. ती जशीच्या तशी होती. आणि त्या शिवणीवर एक ताजी लालभडक फुली होती.

मास्तर जुन्या मापाला खडूची रेघ मारतात. ते बाहेरून आलेले, फुली त्यांच्या हातात नाही. घरात फुली मारणारी माणसं दोनच उरली आहेत. त्यातल्या एकीला सुई धरता येत नाही.

मी कोट उचलला आणि काउंटरपाशी नेला. “मामा, तुझे डोळे फार छान झालेत.”

मामानं जाकीट खाली ठेवलं.

“तू बुधवारी मापं ऐकलीस. रात्री कोट काढून टेप लावलीस, कॅप्टनसाहेब लावतील तशी. जमेना. मग आत बघितलंस. तुला कोट कमी करायचा होता, केलास. भोक दिसलं, ते बघवलं नाही म्हणून रफू केलंस. बटण लोंबताना बघवलं नाही. आणि माप बदललं म्हणून सवयीनं फुली मारलीस. चोरी करताना फुली मारणारा चोर मी पहिल्यांदा बघितला.”

“हात जातो गं,” मामा म्हणाला. “मारून झाल्यावर लक्षात आलं.”

“म्हणजे काय झालं?” मामी म्हणाली. “मला कुणी सांगेल का?”

“मामी, पणजोबा इथून हडकुळे गेले. जाताना कोट त्यांनी स्वतः आत घेतला, ही सगळ्यात आतली रेष. मग तो सैल झाला, मग आणखी, मग आणखी. आघाडीवर बेपत्ता झालेला माणूस असा सुटत जात नाही. त्याला वर्षं लागतात, आणि पोटभर जेवण लागतं.”

“कोट दुसऱ्या कुणी घातला असेल. मेलेल्याचा कोट कुणीही उचलतो.”

“आणि फुल्या? जगात कुठल्या शिंप्याला आपली फुली ठाऊक होती?”

मामी स्टुलावर बसली. तिनं त्या नावासाठी समितीत सगळ्यांशी वाद घातले होते.

“ते जिवंत होते,” मामा म्हणाला. “कुठेतरी दुकान टाकून बसले असतील आणि इकडे पाठ फिरवली. कसं सांगू आत्याला? सगळा जन्म ती लढाईत पडलेल्या माणसाची मुलगी म्हणून जगली. या वयात तिला सांगू, की तुझा बाप तुला टाकून गेला? मी म्हटलं, कोट मापात बसवतो, नाव लागू दे, तिचा हात फिरू दे. पुढे काय व्हायचं ते होवो.”

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. माझी नोकरी खोटं उघडं पाडायची आहे आणि आयुष्यात प्रथमच मला ते पुन्हा शिवून टाकावंसं वाटलं.

“एक सांग,” मी म्हणाले. “शेवटची शिवण का नाही उसवलीस? ती काढली असतीस तर जाड झाली नसती. मास्तरांना कळलंच नसतं.”

मामानं कोट जवळ ओढला आणि त्या कललेल्या टाक्यांवर बोट ठेवलं. “ही त्यांच्या हातची नाही. नीट बघ. हे पोराचे टाके आहेत. शिकणाऱ्या पोराचे, तेही डावखुऱ्या. मी ब्लेड घेतलं होतं हातात. नाही उसवता आले.”

“तू उसवले असतेस तर मी तुला घरातून काढलं असतं,” मागून आवाज आला.

आजी भिंतीला धरून जिन्याखालून एकटीच चालत आली होती.

५

आम्ही तिला टेबलाशी बसवलं. मामा काही बोलायला गेला, तिनं हातानंच थांबवलं.

“पार्सल मीच उघडलं होतं,” आजी म्हणाली. “विशीत होते मी. आई बाजारात गेली होती. कोट हातात घेतल्याबरोबर कळलं मला, शिवण कुठे जाड आहे ते बोटांना कळतं. अस्तर सोडलं, बघितलं, पुन्हा लावून टाकलं. मग आई आली. म्हणाली, पुतळ्यावर घाल. तो पुतळा कुणाच्या मापाचा आहे, माहीत आहे का तुम्हाला?”

कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही त्याला पणजोबांचा पुतळा म्हणत होतो, ते त्यांचा कोट त्याच्यावर असे म्हणून.

“बाबांनी स्वतःच्या मापाचा करून घेतला होता. त्यांनी मला खांद्यावर घेतलं की हाडं टोचायची. कोट त्यावर चढवला तर पोत्यासारखा लोंबायला लागला. आईला कळू नये म्हणून मी पळत वर गेले आणि माझी उशी आणून आत कोंबली.”

उशी कुठून आली हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता, आणि मी स्वतःला पाहणी करणारी म्हणवते.

“मग तुमच्या आईला नाही कळलं?” मामीनं विचारलं.

“शिंप्याची बायको होती ती.” आजी म्हणाली. “कोटाकडे बघितलं आणि म्हणाली, बरं खायला मिळालं म्हणायचं त्यांना तिकडे. बस्स. नंतर दर वर्षी स्वतःच्या हातानं उशी उन्हात घालायची आणि परत बांधायची. मी तिच्याकडे बघायचे नाही, ती माझ्याकडे बघायची नाही.”

मामा रडत होता. लपवतही नव्हता.

“मग दगडावरचं नाव?” मी विचारलं. “तुला हात फिरवायचा होता ना त्यावरून?”

“मला कुणी विचारलं? तुम्ही सगळे इतके खूश होतात. म्हटलं, हवं असेल यांना.” तिनं मामीचा हात हातात घेतला. “तू फार धडपड केलीस. पण उद्या त्या कॅप्टनला सांग, नाव काढा. जे खरंच तिथे पडले त्यांच्या शेजारी बसवू नका त्यांना. बाबा का आले नाहीत, कैदेत होते की आणखी काही, मला माहीत नाही. पण ते तिथे मेले नाहीत.”

मामीनं मान हलवली. तिचा चेहरा उतरला होता, तरी हात तिनं काढून घेतला नाही.

मग आजीनं कोट मांडीवर घेतला. वाकडी बोटं त्या कललेल्या टाक्यांवरून सावकाश पुढे गेली आणि परत आली. “आयुष्यभर या पोराचा हेवा केला मी,” ती म्हणाली. “मला आईनं शिकवलं. बाबांनी सुई माझ्या हातात कधी दिलीच नाही, तेवढा वेळच मिळाला नाही आम्हाला. याला दिली. टाके वाकडे आले तरी उसवले नाहीत, तसाच कोट घालून हिंडले.”

दुकानात एक गिऱ्हाईक आलं, मास्तरांनी त्याला हळूच बाहेर नेलं.

“तुझी शिवण काढ,” आजी मामाला म्हणाली. “बाबा होते तेवढे असू देत.”

मामानं ब्लेड घेतलं. आपली शिवण त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काढली, खालच्या टाक्यांना धक्का लागू दिला नाही, आणि लाल फुलीपाशी येऊन विचारलं, “ही?”

“राहू दे. तूही घरचाच आहेस.”

कोट झटकून तो पुतळ्याकडे निघाला तेव्हा आजी म्हणाली, “मला घाल.” आम्ही तिला उभं केलं. मामानं बाह्या चढवल्या, समोर आला आणि खालपासून वरपर्यंत बटणं लावली. कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही. त्यानं सवयीनं खांदे सारखे केले, पाठीवरून हात फिरवला आणि एक पाऊल मागे सरून उभा राहिला, गिऱ्हाइकाला आरसा दाखवायच्या आधी राहतो तसा. उशी टेबलावर पडली होती. तिची गरज नव्हती.

आजीनं आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिनं आरशातूनच मला शोधलं.

“पंचनामा,” ती म्हणाली, “ते पोर आता माझ्याएवढंच म्हातारं झालं असेल. डावखुरं आहे, शिंपी असणार, आणि कपड्यांत आपली फुली मारत असेल. एवढ्यावरून सापडेल का?”

मी म्हटलं, सापडेल. मग मी कोटाची कड उलटी केली, खिशातून फोन काढला आणि त्या वाकड्या टाक्यांचा पहिला फोटो घेतला.